पहिली ऑर्डर कौतुकाची

(मंडळातल्या छोटा व्यवसाय करणाऱ्या आणि करू पाहणाऱ्या सभासदांसाठी झालेल्या सत्रातलं भाषण. बोलण्याचा सूर शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, मार्केटिंगचा प्लॅन करताना नेहमी होणाऱ्या चुका. मी शिकलो कॉम्प्युटर इंजिनियरिंग. मार्केटिंगची पदवी माझ्याकडे नाही. पण आयटी कन्सल्टंटचं निम्मं काम म्हणजे दुसऱ्याच्या ऑफिसात जाऊन "हे तुम्ही असं का करता?" हा प्रश्न नम्रपणे विचारत राहणं. त्यामुळे बऱ्याच छोट्या कंपन्यांचे प्लॅन जवळून बघायला मिळाले.

इथे जे बसले आहेत त्यांच्यापैकी बहुतेकजण धंद्यात घरची बचत घालतात. मुलांच्या कॉलेजसाठी ठेवलेले, नाहीतर घराच्या डाउन पेमेंटचे पैसे. अमेरिकेच्या श्रम खात्याची आकडेवारी सांगते की नव्या धंद्यांपैकी साधारण पाचातला एक पहिल्या वर्षातच बंद होतो आणि पाच वर्षांत जवळजवळ निम्मे. म्हणून आज जरा रोखठोक बोलतो. राग मानू नका.

सुरुवात एका मोठ्या कंपनीपासून करू. मिशिगनमधल्या बॅटल क्रीकची केलॉग कंपनी १९९४ साली भारतात उतरली. आपल्या मुंबईजवळ तळोज्याला कारखाना काढला. कॉर्नफ्लेक्सचे खोके दुकानात आले, नवीन वस्तू म्हणून लोकांनी ते घेतलेही. सुरुवातीचा खप बघून कोणालाही वाटलं असतं की जिंकलं. मग खप घसरला. झालं होतं काय? आपल्याकडे सकाळी दूध तापवतात आणि गरमच पितात. गरम दुधात ते कुरकुरीत फ्लेक्स पडले की दोन मिनिटांत लगदा! थंड दूध घ्यावं तर त्यात साखर नीट विरघळत नाही. शिवाय पोह्या-उपम्याच्या मानाने भाव चढा. पहिलं खोकं कुतूहलानं विकलं गेलं होतं, आणि कंपनीनं कुतूहल म्हणजेच मागणी असं धरलं. केलॉगकडे पैसा होता, त्यांनी चुका दुरुस्त केल्या आणि त्या टिकल्या. आपल्याकडे तेवढा दम नसतो.

आता आपल्या घरात या. समजा, एक वहिनी उत्तम चकली करतात. पहिल्या दिवाळीला मंडळातून साठ डब्यांची ऑर्डर येते. सगळे म्हणतात, "वहिनी, तुम्ही धंदाच काढा!" वहिनी काढतात. वेबसाईट होते, लोगो होतो, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात स्टॉल लागतो. स्टॉलवर ही गर्दी! पण मंडळी, अधिवेशनात माणूस चकली खातो, फोटो काढतो, "वा, अगदी आईच्या हातची" म्हणतो आणि पुढच्या स्टॉलवर जातो. पहिल्या साठ डब्यांत किती डबे चकलीसाठी घेतले आणि किती वहिनींसाठी, हे कोणी मोजलेलं नसतं. माझ्या मते आपल्या समाजातले निम्मे प्लॅन इथेच फसतात. आपली माणसं प्रेमळ आहेत, ती तोंडावर नाही म्हणत नाहीत. त्यामुळे "आवडली का?" हा प्रश्न विचारूच नका. दिवाळी संपून दीड महिना झाला की यादी काढा आणि न सांगता, न आठवण करता, परत कोणी मागवलं ते बघा. साठातले आठ निघाले तर तुमचं गिऱ्हाईक आठ आहे. आठ वाईट नाही! पण प्लॅन त्या आठांवर करायचा.

मग हिशेब. मी नुसता कागदावरचा आकडा घेतो. डबा बारा डॉलरला. साहित्य, डबा, पोस्टेज धरून खर्च आठ. उरले चार. स्टॉल आणि जाहिरात मिळून सहाशे डॉलर घातले आणि त्यातून साठ नवी गिऱ्हाइकं आली, म्हणजे एक गिऱ्हाईक आणायला दहा डॉलर पडले. प्रत्येकानं तीन डबे घेतले तेव्हा कुठे दोन डॉलर सुटतात. आणि तो माणूस फक्त दिवाळीलाच घेत असेल तर? तिसऱ्या दिवाळीपर्यंत तुम्ही त्याला पदरचे पैसे घालून चकली खिलवताय. वहिनींच्या मेहनतीचा तर यात एक सेंटही धरलेला नाही. हे गणित पाचवीतल्या मुलाला येतं, पण प्लॅनमध्ये ते क्वचित दिसतं. तिथे "सोशल मीडिया" एवढंच लिहिलेलं असतं, आणि पुढे एक रक्कम.

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. कॉर्पोरेट टेम्प्लेट उतरवून घेतलं की त्यात चौथी तिमाही असते, पण दिवाळी कुठे असते? २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २० ऑक्टोबरला. तीन आठवड्यांचा फरक! मागच्या तारखांवर जाहिरात लावणाऱ्याचा फराळ भाऊबीजेनंतर पोचतो. आणि फराळ घरी करत असाल तर आधी आपल्या राज्याचा कॉटेज फूड कायदा वाचा. घरच्या स्वयंपाकघरात केलेलं काय विकता येतं, हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे. टिकाऊ कोरडे पदार्थ बहुधा चालतात, फ्रिजमध्ये ठेवावं लागणारं श्रीखंडासारखं काही अनेक ठिकाणी चालत नाही, आणि कित्येक राज्यं राज्याबाहेर विकू देत नाहीत. वेबसाईटवर "संपूर्ण अमेरिकेत घरपोच" असं लिहिण्याआधी हे बघायला हवं. व्हिसाचंही तेच. एच-१बी किंवा एच-४ वर असाल तर लोगोच्या आधी वकील.

सर्व्हे करू असं बरेचजण म्हणतात. सर्व्हे चांगलाच, पण प्रश्न चुकला तर उत्तरांचा ढीग काय कामाचा? कोका-कोलानं नवी चव आणण्याआधी जवळजवळ दोन लाख लोकांना घोट देऊन पाहिलं होतं. लोकांना ती आवडली. २३ एप्रिल १९८५ ला नवं कोक आलं आणि जुनं गेलं. एवढा गदारोळ झाला की ७९ दिवसांत जुनं परत आणावं लागलं. चव कोणती बरी, हे त्यांनी नीट मोजलं होतं. सवयीचं कोक दुकानातून कायमचं गेलं तर लोकांना काय वाटेल, याला मात्र प्लॅनमध्ये पुरेसं वजन नव्हतं.

आता आपल्याच मुलखातलं उदाहरण. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला. नांगर चांगला होता, तरी पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. कारण लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आता अशा ठिकाणी "आमचा नांगर मजबूत" अशी पाटी कितीही मोठी लावली तरी काय होणार? मजबुतीबद्दल कोणाला शंकाच नव्हती! शंका जमिनीची होती, आणि जमीन म्हणजे घरादाराचं पोट.

आपल्याकडे मुलांसाठी ऑनलाईन मराठीचे क्लास काढणारे बरेच आहेत. त्यांचं पत्रक बघा: शिक्षिकेची पदवी, अनुभव, अभ्यासक्रम. पालकाला शिक्षिकेबद्दल शंका नसते हो. त्याची भीती वेगळी असते. शनिवारी सॉकर आटोपून आलेलं कार्टं कॉम्प्युटरसमोर बसेल का, आणि बसवण्यावरून घरात दर आठवड्याला भांडण होईल का? या भीतीला उत्तर देणारी एक ओळ पत्रकात नसते. पंचेचाळीस मिनिटांऐवजी पंचवीस मिनिटांचा क्लास, पहिले तीन आठवडे फी नाही, असं काही लिहा आणि फरक बघा. ही भीती कळायला सर्व्हेसुद्धा लागत नाही. जे पालक एकदा चौकशी करून परत आले नाहीत, अशा चार जणांना फोन करायचा. विकायला नाही, ऐकायला. हा फोन करायला जीवावर येतं हे मला माहीत आहे. नाही म्हणणाऱ्या माणसाशी बोलायला कोणाला आवडतं? पण प्लॅनमधली सगळ्यात स्वस्त माहिती तिथेच मिळते.

किर्लोस्करांचं आणखी एक सांगतो. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं. मुळात ते कारखान्याचंच पत्र. पुढे त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि नांगराशी काडीचा संबंध नसलेली घरंही ते वाचू लागली. नांगर घेणारा माणूस पुढची कित्येक वर्षं दुसरा नांगर घेणार नाही, तोवर त्याच्याशी बोलत राहायचं कसं, हा प्रश्न आपल्या रियल इस्टेट एजंटांना आणि टॅक्स करणाऱ्या मित्रांनाही आहेच. ते काय पाठवतात? दर जानेवारीला एक कॅलेंडर!

असो, घड्याळाकडे बोट दाखवताहेत. ज्यांनी आपले प्लॅन बरोबर आणले आहेत त्यांनी पुढे या. आकडे चारचौघांत नको असतील तर चहाच्या वेळी कोपऱ्यात बसून बघू.