रक्ताची टाकसाळ आणि डॉ. सुरेश अडवाणी



मी डॉक्टर नाही, बँकेतला कारकून आहे. म्हणून माझ्या भाषेत सांगतो. आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. ती रक्ताची टाकसाळच. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी तिथे तयार होतात. ही टाकसाळ बंद पडली की मूल पांढरेफटक पडते, ताप हटत नाही, हिरड्यांतून रक्त येते. रक्ताच्या कर्करोगात टाकसाळ चालू असते, पण खोटी नाणी पाडते. बाहेरचे रक्त चढवणे ही उसनवारी झाली. टाकसाळच नवी हवी असेल, तर निरोगी माणसाची मज्जा द्यावी लागते.

हे काम भारतात प्रथम यशस्वी केले डॉ. सुरेश अडवाणी यांनी. जन्म १९४७, कराची. फाळणीनंतर कुटुंब भारतात आले. आठव्या वर्षी पोलिओ झाला आणि चाकाची खुर्ची कायमची सोबतीला आली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजने अपंगत्वामुळे आधी प्रवेश नाकारला. ते गप्प बसले नाहीत. दाद मागितली आणि प्रवेश मिळवला. पुढे अमेरिकेत सिॲटल येथे डॉ. डोनल थॉमस यांच्याकडे शिकले. याच कार्यासाठी थॉमस यांना १९९० चे नोबेल मिळाले. १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा देण्यात आली. अडवाणींना २०१२ साली पद्मभूषण मिळाले.

आपल्या सातारा-सांगलीकडे असे दुखणे निघाले, की ‘टाटाला न्या’ म्हणतात. नेतातही. पण दाता शोधायची वेळ आली की घर कचरते. ‘मगज काढला तर धडधाकट पोरगा अधू होईल’ ही भीती. खरे असे, की भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने थोडी मज्जा घेतात आणि काही आठवड्यांत ती भरून येते. सख्ख्या भावंडाची जुळण्याची शक्यता मात्र चारात एक. म्हणून परक्यासाठीही दाता म्हणून नाव नोंदवणारे लोक हवेत.

विद्यार्थी मित्रांनो, कोणी ‘तुला जमणार नाही’ म्हणून अर्ज परत केला, तर कारण लेखी मागा आणि पुन्हा अर्ज करा. त्या एका अर्जामागे पुढे किती मुलांचे प्राण उभे असतील, हे आज कोणालाच ठाऊक नसते.