धारेचं मशीन घेताना

 

मासळीची विळी, भातकापणीचा विळा, लाकडं तोडायचा कोयता यांच्यावाचून आपला एक दिवस जात नाही. आमच्या गटात लोहाराघरची एक सून आहे. तिच्या सासऱ्यांना आता घण उचलवत नाही. पण गाडीचा पाटा पारखणं, पात्याला पाणी देणं ही विद्या घरात आहे. ती म्हणाली, "घासायचं मशीन मिळालं तर सुऱ्या-विळ्या मी करीन." तिने गटाकडे ३०,००० रुपये कर्ज मागितलं. गटाचं कर्ज म्हणजे आपल्या सगळ्यांची बचत. म्हणून मशीन कोणतं घ्यायचं, हे आम्ही सगळ्याच शिकलो.

पेणच्या गणपती कारखान्यांत मूर्ती पॉलिश पेपरने घासतात, ते तुम्ही पाहिलंच आहे. तसाच खरखरीत थर जाड कापडावर चढवून त्याचा गोल पट्टा केला आणि तो मोटरवर फिरवला, की झालं बेल्ट ग्राइंडर. दगडी चाकावर पात्याला खळगा पडतो. पट्ट्यामागे सपाट लोखंडी पाट असल्याने पातं सरळ घासलं जातं.

पहिल्यांदा आम्ही स्वस्त आणि जोरात फिरणारं मशीन घ्यायला निघालो होतो. बरं झालं, आधी मागून आणलेल्या तसल्याच मशीनवर तिने एक पातं घासून पाहिलं. धारेवर निळा रंग चढला. सासरे म्हणाले, "पाणी उतरलं." म्हणजे पातं तापून मऊ पडलं; अशी धार दोन दिवसांत बसते. मेहनत वाया, गिऱ्हाईकही जातं.

म्हणून पहिली गोष्ट, वेग. मोटरवरची पाटी वाचा. एका मिनिटाला सुमारे १४४० फेरे आणि २८८० फेरे, अशा दोन तऱ्हेच्या मोटरी मिळतात. ४ इंची चाकावर पहिलीने पट्टा मिनिटाला साधारण ४६० मीटर धावतो, दुसरीने दुप्पट. वेग कमी-जास्त करणारं यंत्र महाग असतं. नवशिक्या हाताने १४४० ची मोटर घ्यावी. काम सावकाश होईल, पण पातं वाचेल. तरीही शेजारी पाण्याची बादली हवीच. बोटाला चटका लागायच्या आत पातं पाण्यात बुडवायचं.

दुसरी गोष्ट, पट्ट्याचं माप. नुसती धार लावायची असेल तर १ इंच रुंद, ३० इंच घेराचं छोटं मशीन पुरे. पाट्यातून पातं घडवायचं असेल तर २ इंच रुंद, ७२ इंच घेराचं बरं. लांब पट्टा कमी तापतो आणि जास्त टिकतो. त्याला दीड हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालते. सांगाडा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतो. पट्टा मधोमध ठेवायचा स्क्रू आणि ताण देणारी स्प्रिंग मात्र पैसे देण्याआधी चालवून बघा.

तिसरी गोष्ट, मशीनवर सगळे पैसे घालू नका. पट्टे झिजतात. आम्ही ठरवलं, मशीन-मोटरला २०,००० च्या वर नाही. उरलेले पट्टे, अर्थिंगसह वायरिंग, चष्मा आणि धुळीच्या मास्कसाठी. सुरुवातीला ६०, १२० आणि २४० नंबरचे पट्टे पुरतात. नंबर लहान तेवढा पट्टा खरखरीत.

कर्जाआधी पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. पात्र कारागिराला प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिलं १ लाखापर्यंत कर्ज, अशी सोय त्यात ठेवली आहे. लाभ घरटी एकालाच. नोंदणी सीएससी केंद्रावर होते.

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. कर्जाच्या ठरावात आम्ही एक अट लिहिली आहे: मशीनजवळ पदर खोचलेला, केस बांधलेले, बांगड्या आणि मंगळसूत्र काढलेलं. पट्टा पदर ओढतो तेव्हा माणसालाही ओढतो. ठिणग्या उडतात, म्हणून पेंढा आणि लाकडाचा भुसा लांब. पोरं तर उंबऱ्याबाहेरच.

"मंगळसूत्र कसं काढू?" असं तिने विचारलं, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "देवापुढे ठेव आणि कामाला बस."

पहिली विळी ती गटाला भेट देणार म्हणते. आम्ही ती पैसे देऊन घेणार आहोत.