परवानगी नव्हे, निरोप

न्यूझीलंडच्या डोंगरात एकटीने सहा दिवस चालून यायचे मी ठरवले, तेव्हा जो तो एकच विचारी, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटले की पुढचा प्रश्न, "घरच्यांनी परवानगी दिली?" वाट कशी आहे, नदी कशी ओलांडणार, हे कोणी विचारले नाही. म्हणून आज तयारीविषयी बोलते.

माझी वाट दक्षिण बेटावरच्या नेल्सन लेक्स राष्ट्रीय उद्यानातली होती. ट्रॅव्हर्स आणि सबीन या नद्यांच्या खोऱ्यांतून फिरून येणारी ही वाट सुमारे ८० किलोमीटरची. मध्ये १,७८७ मीटर उंचीची खिंड लागते. मुक्कामाला सरकारी झोपड्या आहेत, त्यांना तिथे 'हट' म्हणतात. अन्न, भांडी, स्टोव्ह आपणच न्यायचे. दुकान नाही, मोबाइल लागत नाही.

आपल्याला लहानपणापासून पुरुषाची भीती घातलेली असते. ती खोटी नाही, म्हणून शहरातला मुक्काम आणि गाडी मी आधीच ठरवली. पण त्या डोंगरात जीव घेतात नदी आणि थंडी. एकोणिसाव्या शतकात तिथे इतकी माणसे नद्यांत बुडत, की बुडून मरण्याला 'न्यूझीलंडचे मरण' म्हणत. पावसाने नदी काही तासांत फुगते, पाऊस थांबला की बहुधा लवकर उतरतेही. म्हणून दोन दिवसांचे जादा जेवण घ्यायचे. पाणी गढूळ, वेगवान किंवा फांद्या वाहून आणणारे दिसले, की थांबायचे. विमान चुकेल या घाईने नदीत उतरण्याची वेळ येऊ नये, म्हणून परतीच्या तिकिटाआधी मी तीन दिवस मोकळे ठेवले.

तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. तरीही खिंडीत बर्फ पडू शकतो. भिजलेले सुती कपडे ऊब देत नाहीत, लोकरीचे किंवा सिंथेटिक कपडेच न्या.

तीन महिने दर रविवारी बारा किलोची सॅक घेऊन मी सह्याद्रीत चढले. रविवारचा स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न त्यातूनच निघाला. तो घरात सुटला, हीदेखील तयारीच. पाळी डोंगर पाहून येत नाही. वापरलेले पॅड तिथे टाकायचे नाहीत, बंद पिशवीतून परत आणायचे. कप वापरणार असाल, तर काही महिने आधी घरीच सवय करा.

आता कागदपत्रे. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी लग्नाचा दाखला लागत नाही. आई किंवा वडील, एकाचेच नाव चालते. घटस्फोटित बाईवर नवऱ्याचे नाव देण्याची सक्ती नाही. विमा घेताना डोंगरातून सुटका करण्याचा खर्च त्यात धरला आहे का, ते वाचा. बूट आणि तंबू मातीचा कण न राहील असे धुवा. ते आणि खाण्याचे सगळे पदार्थ विमानतळावर जाहीर करावे लागतात.

शेवटची आणि मोठी गोष्ट. तिथे एक रीत आहे. निघण्यापूर्वी विश्वासाच्या माणसाला लिहून द्यायचे: कोणती वाट, कोणते मुक्काम, कधी परतणार, आणि कोणत्या वेळेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचे. १११ हा तिथला तातडीचा क्रमांक भारतातून लागत नाही, म्हणून परदेशातून लागणारा नंबर त्याच कागदावर हवा. प्रत्येक हटमधल्या वहीतही नाव आणि पुढचा मुक्काम लिहायचा. शिवाय संकटात उपग्रहामार्फत बचाव केंद्राला इशारा देणारे छोटे यंत्र भाड्याने मिळते. एकटीने ते घेतल्यावाचून जाऊ नये.

हा कागद म्हणजे परवानगीचा अर्ज नव्हे. निर्णय माझा झालेला असतो. मी कुठे आहे, हे फक्त कोणाला तरी माहीत असते.

मी तो आईच्या हाती दिला. तिने दोनदा वाचला आणि विचारले, "नदी फुगली तर किती दिवस थांबशील?" इतक्या जणांत नेमका प्रश्न तिनेच विचारला. मी म्हटले, "दोन." तिने कागदावर तारीख पुढे ढकलली.

मैत्रिणींनो, आपल्या प्रत्येक गटात असा कागद सांभाळणारी एक जण असू द्या. एकटी निघणारीला अडवणारे पुष्कळ असतात. तिची तारीख लक्षात ठेवणारी आपल्यातली असावी.