करकायद्याचे पंडित, टोकियोचे न्यायाधीश : डॉ. राधाबिनोद पाल



आयकर खात्याची नोटीस हाती पडली की व्यापारी मनुष्य आपल्या वकिलाकडे धाव घेतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "ही मागणी कोणत्या कलमाखाली?" प्रश्न साधा आहे, परंतु करकायद्याचे मर्म त्यातच साठविलेले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर एका भारतीय न्यायाधीशाने हाच प्रश्न विजेत्या राष्ट्रांना विचारला. ते न्यायाधीश म्हणजे डॉ. राधाबिनोद पाल.

२७ जानेवारी १८८६ रोजी, आज बांगलादेशात असलेल्या कुष्टिया भागातील एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरची स्थिती हलाखीची. गणित हा त्यांचा आवडता विषय. मैमनसिंगच्या आनंदमोहन महाविद्यालयात गणित शिकवीत असतानाच त्यांनी कायद्याचे अध्ययन केले. १९२० साली पदव्युत्तर परीक्षा आणि १९२४ साली डॉक्टरेट. पुढे कलकत्त्यास विधी महाविद्यालयात अध्यापन आणि उच्च न्यायालयात वकिली अशी दुहेरी वाटचाल झाली. १९२७ ते १९४१ या काळात ते भारत सरकारचे आयकरविषयक कायदा सल्लागार होते. म्हणजे आपल्यासारख्यांच्या समोरच्या बाजूस बसलेले! परंतु वसुली करणाऱ्यासही सल्लागार असा हवा, की जो "येथे कायदा साथ देत नाही" असे स्पष्ट सांगू शकेल.

करकायद्याचा एक जुना दंडक आहे. अमुक मनुष्याने कर देणे न्याय्य ठरेल एवढ्याने तो देय होत नाही. कायद्याच्या शब्दांतच तो स्पष्टपणे बसला पाहिजे. तर्काने वा हेतूच्या अंदाजाने करआकारणी होत नाही. १९२१ साली इंग्लंडमध्ये न्यायमूर्ती रौलट यांनी हे तत्त्व फार नेमकेपणाने मांडले. होय, ज्यांच्या नावाचा काळा कायदा १९१९ साली आपल्या देशात आला, तेच हे रौलट! नियतीचा विनोद म्हणावा तो हा.

१९४१ ते १९४३ या काळात डॉ. पाल कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. नंतर दोन वर्षे त्यांनी कलकत्ता विश्वविद्यालयाचे कुलगुरुपद भूषविले. १९४६ साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणावर भारतातर्फे त्यांची नेमणूक झाली. अकरा राष्ट्रांचे अकरा न्यायाधीश, आणि समोर जपानचे माजी पंतप्रधान, मंत्री व सेनानी.

मुख्य आरोप आक्रमक युद्ध पुकारल्याचा होता. ज्या सनदेने हा गुन्हा ठरविला, ती सनद जनरल मॅकआर्थर यांनी १९ जानेवारी १९४६ रोजी, म्हणजे युद्ध संपल्यावर, काढलेली. डॉ. पाल यांचे म्हणणे असे की, कृत्य घडले त्या वेळी ते आंतरराष्ट्रीय कायद्याने गुन्हा नव्हते. जेत्याला मागाहून गुन्हा निर्माण करण्याचा अधिकार नाही. १९२८ च्या पॅरिस कराराने युद्ध त्याज्य ठरविले हे खरे, पण त्यामुळे ते वैयक्तिक शिक्षेस पात्र झाले, हे त्यांना मान्य नव्हते. कलमाचा शब्द तपासण्याची करकायद्यातील सवय येथे त्यांच्या कामी आली असावी, असे मानण्यास निश्चित जागा आहे.

नेदरलँड्स आणि फ्रान्सच्या न्यायाधीशांनीही मतभेद नोंदविले. पण पंचवीसही आरोपी सर्व आरोपांतून मुक्त करावेत, असे म्हणणारे एकटे पाल. त्यांचे बाराशेहून अधिक पानांचे निकालपत्र न्यायालयात वाचलेही गेले नाही. २३ डिसेंबर १९४८ रोजी सात जणांना फाशी देण्यात आली. निकालपत्र कलकत्त्यात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले ते १९५३ साली.

हा निर्णय पचविणे सोपे नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमींची शुश्रूषा करीत १९४२ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. जपानी आक्रमणाने काय केले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्या आक्रमणाचे सूत्रधार मोकळे सुटावेत, हे कोणत्या मनाला रुचेल? डॉ. पाल यांनी नानकिंगचे अत्याचार नाकारले नाहीत. त्यांचा पुरावा प्रचंड आहे, असे त्यांनी स्वतःच नोंदविले. मात्र त्या अत्याचारांची जबाबदारी या विशिष्ट आरोपींवर सिद्ध झालेली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. यावर विद्वानांचे आजही एकमत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे. अणुबॉम्ब टाकणाऱ्यांचा हिशेब कोणी मागितला नाही, याकडेही त्यांनी बोट दाखविले होते.

टोकियोतील यासुकुनी देवस्थानात २००५ साली त्यांचे स्मारक उभारले गेले. जपानमधील काही मंडळी त्यांच्या निकालपत्राचा उपयोग आपल्या देशाच्या निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र म्हणून करतात. तो अन्याय आहे. आरोपी सोडणे वेगळे आणि कृत्याचे समर्थन करणे वेगळे. नानकिंगविषयीची त्यांची पाने ही मंडळी वगळतात.

स्वतः डॉ. पाल टोकियोहून परतल्यावर थांबले नाहीत. १९५२ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्य होते. १९५८ आणि १९६२ साली त्यांनी आयोगाचे अध्यक्षपदही सांभाळले. १९५९ साली त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. १९६६ साली ते पुन्हा एकदा जपानला जाऊन आले आणि १० जानेवारी १९६७ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.