पैसा कोठून येतो?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



भिशी आपल्या बेलापुरात घरोघरी ठाऊक आहे. बारा जणी दरमहा हजार रुपये घालतात आणि दरमहा एकीला बारा हजार मिळतात. वर्षअखेर हिशेब मांडला तर प्रत्येकीने बारा हजार घातले आणि बारा हजारच घेतले. पैसा वाढला नाही, एकरकमी हाती आला एवढेच. वाढायचा तर तो कोणाच्या तरी कष्टातून किंवा व्यापारातूनच वाढला पाहिजे. एवढी गोष्ट लक्षात ठेवून पुढचे ऐका.

समजा, एखादा गृहस्थ एक लाखावर दरमहा दहा हजार द्यायचे कबूल करतो. पहिल्या महिन्यात पैसे येतात, दुसऱ्या महिन्यातही येतात. आपली खात्री पटते. पण हिशेब करा. दहा महिने तो आपलेच लाख रुपये आपल्याला परत देत असतो. त्यासाठी त्याला काडीचाही धंदा करावा लागत नाही. आणि त्याच दहा महिन्यांत आपण मेहुण्याला, शेजाऱ्याला, मित्राला हौसेने सांगतो, “मला वेळेवर मिळतात.” त्यांची रक्कम आली की पुढच्या हप्त्यांची सोय झाली. नवे लोक येईनासे झाले, की दुकानाला कुलूप.

“पाच माणसे आणा” अशी योजना असेल तर विद्यार्थ्यांनी पाटीवर गुणाकार करावा. एकाचे पाच, पाचांचे पंचवीस. नवव्या पायरीला १९,५३,१२५ माणसे लागतात. इतकी माणसे आणायची कोठून? अशा साखळी योजनांवर आपल्या देशात १९७८ पासून कायद्याने बंदी आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. नाशिकच्या केबीसी प्रकरणाचा २०१४ साली बोभाटा झाला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत दादरला टोरेसच्या दुकानासमोर गुंतवणूकदारांची गर्दी उसळली. तेथे खड्यांच्या खरेदीवर दर आठवड्याला परताव्याचे आमिष होते. बंगळूरच्या आयएमए कंपनीचे प्रकरण तर आपल्या समाजाने विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. व्याज नको, पण बचत वाढावी, अशी इच्छा असलेल्या हजारो मुस्लिम कुटुंबांना ‘हलाल नफा’ म्हणून तेथे ओढले गेले. जून २०१९ मध्ये चालक दुबईला निघून गेला. जुलैमध्ये तो दिल्लीत पकडला गेला. फसवणूक प्रत्येकाशी त्याच्याच भाषेत बोलते. कोणाशी ती देवाधर्माच्या नावाने बोलते, कोणाशी नात्याच्या, कोणाशी गावकीच्या. म्हणून माणूस आपला आहे एवढ्यावर रक्कम देऊ नका. तो माणूस प्रामाणिक असू शकतो. बहुधा तोही फसलेलाच असतो.

मग करावे काय? कांद्याची पट्टी, उसाचे बिल, निवृत्तीची रक्कम किंवा मुलीच्या लग्नाची पुंजी कोठे ठेवण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. पहिला, हा नफा कोणत्या धंद्यातून येतो? दुसरा, लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी कोणी दिली? कंपनीची नोंदणी म्हणजे ठेवी घेण्याचा परवाना नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर चौकशी करता येते. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमासंरक्षण आहे, पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हाही फरक ओळखा.

आता मोबाईलविषयी थोडेसे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. ओटीपी बँकेच्या साहेबालाही सांगू नये. फोनवर चित्र दाखवून “तुम्हांला अटक झाली आहे” असे कोणी बजावले, तर फोन ठेवा. अशी अटक आपल्या कायद्यात नाही.

विद्यार्थी मित्रहो, घरात कागद वाचता येणारे कदाचित तुम्हीच असाल. वडिलांनी सही करण्यापूर्वी तो कागद मोठ्याने वाचून दाखवा. पालकांनीही “तुला काय कळते?” असे म्हणून त्याला गप्प बसवू नये.

शेवटची गोष्ट. फसलेला माणूस अब्रूला भिऊन गप्प राहतो आणि त्या गप्प राहण्यावरच ठकाचा धंदा चालतो. मोबाईलवरून रक्कम गेली तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक. ठेव बुडाली तर पोलिसांत लेखी तक्रार द्या. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात १९९९ चा कायदा आहे; त्याखाली ठकाची मालमत्ता जप्त होऊ शकते. आणि फसलेल्याला हसू नका. आज त्याने तोंड उघडले, तर उद्या आपले घर वाचेल.