कागदपत्रांची वाट आणि तिचे कुलूप

(मिरजगाव, ता. कर्जत, जि. अहिल्यानगर येथील सभासद व विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेचे एक छोटेसे संकेतस्थळ असावे, अशी आपल्या पुष्कळ सभासदांची इच्छा आहे. शिष्यवृत्तीची माहिती, वधू-वर सूचक नोंदणी, देणगीचा हिशेब, वसतिगृहासाठी अर्ज हे सारे त्यावरून व्हावे, असे तरुण कार्यकर्ते म्हणतात. इच्छा योग्यच आहे. मिरजगाव हे अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरचे गाव. येथली मुले-मुली शिक्षणासाठी कर्जत, अहिल्यानगर, पुणे अशी दूरवर जातात. त्यांना एका कागदासाठी गावी खेप घालावयास लावणे बरे नव्हे. परंतु संस्था जेव्हा कोणाकडून कागद मागते, तेव्हा तो कागद सुखरूप आणण्याची व सांभाळण्याची जबाबदारी संस्थेवर येते. या जबाबदारीविषयीच आम्ही आज बोलणार आहोत.

आपण काय काय मागतो ते पाहा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार क्रमांक, बँकेच्या पासबुकाची प्रत, मोबाइल क्रमांक, मुलीचा शहरातील खोलीचा पत्ता. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना ज्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी आहे. असा विद्यार्थी शहरात भाड्याची खोली शोधतो. तेथे आडनाव विचारतात, गाव विचारतात आणि मग खोली रिकामी नाही असे सांगतात. हा अनुभव आपल्यापैकी कितीतरी घरांत आहे. आपली जात कोणास सांगावी आणि कोणास सांगू नये, हे ठरविण्याचा अधिकार त्या विद्यार्थ्याचा आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यास गेले, तेव्हा पारशी विश्रामगृहाच्या वहीत पारशी नाव लिहून त्यांना राहावे लागले. खरी ओळख उघड होताच त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. वहीतल्या एका नोंदीवर माणसाचा निवारा अवलंबून असतो, हे आपणास दुसऱ्या कोणी शिकवावयास नको.

आता प्रश्न असा की, विद्यार्थ्याने पुण्यात बसून मोबाइलवर भरलेला अर्ज संस्थेपर्यंत येतो कसा? तो एका दमात येत नाही. खोलीतील वायफाय, मोबाइल कंपनीचा मनोरा, मधली अनेक यंत्रे असे टप्पे घेत तो संस्थेच्या सर्व्हरवर पोचतो. संकेतस्थळाचा पत्ता नुसत्या 'एचटीटीपी' ने सुरू होत असेल, तर हा अर्ज पोस्टकार्डासारखा प्रवास करतो. पत्र हाताळणारा प्रत्येक जण ते वाचू शकतो. एवढेच नव्हे, तर त्यात चार ओळी घालू किंवा खोडू शकतो. २०१५ साली बेंगळुरूतील एका प्रोग्रॅमरला आढळले की, तो उघडीत असलेल्या पानांत त्याची मोबाइल कंपनी वाटेतच स्वतःचा मजकूर घुसडीत होती. पाने लिहिणाऱ्यास त्याची गंधवार्ताही नव्हती. पत्ता 'एचटीटीपीएस' ने सुरू होत असेल, तर तोच अर्ज बंद पाकिटात जातो. शेवटचे 'एस' हे अक्षर सुरक्षिततेचे आहे.

हे पाकीट बंद कसे होते, ते विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. आपल्या भाषेत करपल्लवी, नेत्रपल्लवी हे शब्द जुनेच आहेत. बोटांच्या किंवा डोळ्यांच्या खुणांनी गुप्त गोष्ट सांगावयाची. पण खूण दोघांना आधीच ठाऊक असावी लागे. ज्यांची कधी भेटच झाली नाही त्यांनी भर बाजारात बोलून गुप्त खूण कशी ठरवावी? या प्रश्नाचे उत्तर १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केले. दहावीचे गणित येत असेल तर ते वहीत करून पाहता येते.

समजा, विद्यार्थी आणि संस्था यांनी सर्वांदेखत २ आणि ११ हे आकडे ठरविले. विद्यार्थ्याने मनात ३ धरले. २ चा तिसरा घात ८; त्याला ११ ने भागून बाकी ८. ही ८ त्याने उघड कळविली. संस्थेने मनात ४ धरले. २ चा चौथा घात १६. ११ ने भागून बाकी ५. ही ५ संस्थेने उघड कळविली. आता विद्यार्थी ५ चा तिसरा घात काढतो : १२५, बाकी ४. संस्था ८ चा चौथा घात काढते : ४०९६, बाकी ४. दोघांपाशी ४ ही एकच संख्या आली आणि ती कोणीही उच्चारली नाही. ऐकणाऱ्याला २, ११, ८ आणि ५ एवढेच कळले. आमचे आकडे लहान आहेत, म्हणून कोणीही चार-दोन मिनिटांत उलटा हिशेब करील. प्रत्यक्षात या रीतीत शेकडो अंकी संख्या घेतात, किंवा त्याच तत्त्वावरचे दुसरे गणित वापरतात. तेथे उलटा हिशेब करणे आजच्या संगणकांनाही आवाक्याबाहेरचे आहे. या गुप्त संख्येवरून किल्ली बनते आणि पुढचा सारा मजकूर त्या किल्लीने कूटबद्ध होतो. १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीने ही व्यवस्था आपल्या ब्राउझरमध्ये आणली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्या देशात विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. पुढे या व्यवस्थेस टीएलएस हे नाव मिळाले. तिची १.३ ही आवृत्ती २०१८ साली निश्चित झाली.

परंतु एक अडचण उरतेच. आपण ज्याच्याशी किल्ली ठरविली, तो खरोखर संस्थेचाच सर्व्हर आहे कशावरून? मध्येच बसलेला कोणी भामटा 'मीच संस्था' असे म्हणाला तर? येथे दाखल्याची गरज पडते. दाखला म्हणजे काय, हे आपल्या समाजाइतके कोणास ठाऊक असणार! आपण म्हटले म्हणून चालत नाही; अधिकाऱ्याची सही आणि शिक्का लागतो. तद्वतच संकेतस्थळालाही दाखला लागतो. तो देणाऱ्या संस्थांची यादी आपल्या मोबाइलमध्ये व ब्राउझरमध्ये आधीपासून असते.

दाखला देणाराच चुकला तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. जुलै २०१४ मध्ये भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून गुगल आणि याहू यांच्या नावांचे अनधिकृत दाखले निघाल्याचे उघडकीस आले. केंद्राचे दाखले देण्याचे अधिकारपत्र लगेच रद्द करण्यात आले. अशा प्रकारांवर उपाय म्हणून दिलेल्या दाखल्यांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची पद्धत आली. एप्रिल २०१८ अखेरपासून निघणारा प्रत्येक नवा दाखला अशा नोंदवहीत असावा, असा आग्रह क्रोम ब्राउझरने धरला. आपल्या संस्थेच्या नावाने कोणी भलताच दाखला काढला आहे काय, हे आज कोणीही तपासू शकतो.

पूर्वी या दाखल्यास दरवर्षी पैसे मोजावे लागत. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांना ते जड जाई. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतील एका ना-नफा संस्थेने 'लेट्स एन्क्रिप्ट' ही सेवा सर्वांसाठी खुली केली. ती दाखला फुकट देते आणि यंत्राकडून यंत्राला देते. फेब्रुवारी २०२० पर्यंत तिने शंभर कोटी दाखले दिले होते. म्हणजे पैसा नाही ही सबब आता उरलेली नाही. जुलै २०१८ पासून क्रोमने कुलूप नसलेल्या संकेतस्थळांवर 'सुरक्षित नाही' असा शेराही मारण्यास सुरुवात केली आहे.

हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. त्याच्या मागे हक्काचा प्रश्न आहे. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीस जे निवेदन दिले, त्यात माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती व जप्तीपासून संरक्षण असावे, असे कलम होते. डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दर्शविली. परंतु सभेत ती अखेर संमत झाली नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. लोकांची माहिती संगणकावर गोळा करणाऱ्याने ती सुरक्षित ठेवण्याची वाजवी व्यवस्था करावी, असे हा कायदा सांगतो. बाबासाहेबांनी ज्या कागदपत्रांसाठी संरक्षण मागितले, ती आज मोबाइलमधून प्रवास करतात. सरकारकडून हा हक्क मागणाऱ्या आपण, आपल्याच संस्थेत तो पाळू नये काय?

म्हणून कार्यकारिणीपुढे आम्ही पुढील सूचना ठेवीत आहोत.

पहिली : संकेतस्थळाचे नाव संस्थेच्याच नावावर नोंदवावे, एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर नको. त्याचा पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांपाशी असावा. वार्षिक खर्च घरपट्टी व वीजबिलाप्रमाणे अंदाजपत्रकात धरावा.

दुसरी : दाखल्याचे नूतनीकरण आपोआप होईल अशीच व्यवस्था घ्यावी. उत्पन्नाच्या दाखल्याप्रमाणे यालाही मुदत असते. 'लेट्स एन्क्रिप्ट' ने नव्वद दिवसांच्या मुदतीने सुरुवात केली. मुदत संपत आल्याचे स्मरण देणारी तिची ईमेल जून २०२५ पासून बंद झाली आहेत. विकत घेतलेल्या दाखल्यांचीही कमाल मुदत क्रमाने घटविण्याचे ठरले असून, मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसच राहावयाची आहे. हाताने तारीख सांभाळणे कोणास जमणार नाही. यंत्राने काम केले की नाही, हे मात्र महिन्यातून एकदा एका विद्यार्थ्याने पाहावे.

तिसरी : सारी पाने कुलुपाच्या आत असावीत, केवळ अर्जाचे पान नव्हे. जुना 'एचटीटीपी' पत्ता कोणी लिहिला तरी तो आपोआप सुरक्षित पत्त्यावर वळावा.

चौथी : कोणाच्या मोबाइलवर इशारा दिसला तर 'पुढे जा' असे सांगू नये. सप्टेंबर २०२१ मध्ये एका जुन्या मूळ दाखल्याची मुदत संपली, तेव्हा फार जुन्या अँड्रॉइड मोबाइलांसाठी तात्पुरती सोय करावी लागली होती. तीही २०२४ मध्ये संपली. थोरल्या भावाचा जुना मोबाइल धाकटीच्या हाती असतोच. अशा विद्यार्थिनीचा अर्ज कार्यालयातील संगणकावर भरून द्यावा. तिच्यासाठी सर्वांचे कुलूप काढू नये.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची : कमी मागावे. आधारच्या प्रतीची गरजच असेल, तर शेवटचे चार अंक दिसणारी प्रत घ्यावी. काम झाले की फाइल पुसून टाकावी. वधू-वरांचे पत्ते व मोबाइल क्रमांक उघड्या पानावर मुळीच नकोत.

या कुलुपाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ते वाट राखते, घर राखीत नाही. कार्यालयातील संगणकाला पासवर्ड नसेल, दाखल्यांच्या प्रती पेनड्राइव्हवर फिरत असतील, सेतू केंद्रातील संगणकावर आपली फाइल तशीच राहिली असेल, तर वाटेवरचे कुलूप काय करणार? आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो, हे मधल्या कंपनीस बहुधा कळतेच. आत काय वाचले व लिहिले, एवढेच झाकले जाते. आणि कुलूप आहे म्हणून माणूस खरा, असेही नव्हे. फुकट दाखला जसा आपणास मिळतो, तसा शिष्यवृत्तीच्या नावाने फसविणाऱ्यासही मिळतो. दाखला पत्ता खरा असल्याचा असतो, चारित्र्याचा नव्हे. म्हणूनच २०२३ साली क्रोमने पत्त्याशेजारचे कुलपाचे चित्र काढून टाकले. विद्यार्थ्यांनो, पत्ता अक्षर-अक्षर वाचा. केंद्र व राज्य सरकारच्या संकेतस्थळांचे पत्ते बहुधा 'जीओव्ही डॉट इन' ने संपतात. पैशाची फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. वेळ गेला तर पैसा अडविणे कठीण होते.

मित्रहो, हे काम मोठ्या खर्चाचे नाही. दोन-तीन विद्यार्थ्यांनी मन लावले तर एका दिवसात होण्यासारखे आहे. पुढची वर्षानुवर्षे ते नियमाने पाहणे, हे मात्र संस्थेचे काम आहे. एखादी मुलगी पुण्याच्या खोलीत बसून आपला जातीचा दाखला संस्थेकडे पाठवील, तेव्हा तो तिने निवडलेल्या माणसांखेरीज कोणाच्याही नजरेस पडता कामा नये. एवढी हमी आपण देऊ शकलो, तरच तिच्याकडून कागद मागण्याचा आपणास अधिकार आहे. कार्यकारिणीने पुढील बैठकीत याविषयी ठराव करावा आणि त्यात जबाबदार व्यक्तींची नावे लिहावीत, अशी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवितो.

जय भीम!