इंग्रजी शिकलेल्या मुलांनीं लिहावें काय, आणि कोणासाठीं?

(बिरवाडी येथें पालक व विद्यार्थी यांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले मास्तर. आमचें शिक्षण मराठी ट्रेनिंग कॉलेजांतलें. तेव्हां इंग्रजीवर आम्ही काय बोलणार, असें कोणी म्हणेल तर तें खरें आहे. परंतु ज्या मुलांना आम्ही बाराखडी शिकविली, तींच आज इंग्रजी घेऊन बी. ए. होऊन घरीं बसलीं आहेत, आणि त्यांचे आईबाप आम्हांलाच विचारतात, "गुरुजी, पोरगी इंग्रजी शिकली, आतां पुढें काय?" या प्रश्नाला तोंड चुकवून चालणार नाहीं.

प्रथम खरें तें सांगूं. आपल्या महाडच्या वसाहतींत रसायनांचे कारखाने फार. तेथें केमिस्टाची जागा बी. एस्सी. वाल्यास, फिटरची आय. टी. आय. वाल्यास. इंग्रजीच्या बी. ए. ला उरतें तें ऑफिसांतलें, स्टोअरमधलें, गेटावरच्या नोंदवहीचें काम, आणि तेंही बहुधा ठेकेदारामार्फत. बी. एड. करावें तर भरतीची वाट पाहण्यांत वर्षें जातात. एम. ए. होऊन सेट-नेट पास झालेलीं कित्येक मुलें कॉलेजांत तासांवर शिकवितात. तास नाहीं तर पैसा नाहीं. दागिना गहाण ठेवून फी भरणाऱ्या बापानें हें आधींच ऐकून ठेवावें.

मग इंग्रजी शिकूं नये काय? एक घडलेली गोष्ट सांगतों, आणि निकाल तुम्हींच द्या.

पोलादपूरकडच्या एका वाडींतला कुंभार गडी. चाकावर पोट भरेना, म्हणून एका कारखान्यांत ठेक्यावर लागला. हातावर ॲसिड उडून भाजला, तीन आठवडे घरीं बसला. मागील पगार आणावयास गेला तेव्हां ठेकेदाराच्या माणसानें एक इंग्रजी कागद पुढें केला व म्हणाला, "सही कर, पगार घेऊन जा." गडी शहाणा. "उद्यां करतों" म्हणून त्यानें कागद घरीं आणला आणि मुलीपुढें ठेवला. मुलगी इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. बाप म्हणाला, "वाच." मुलीनें वाचला, पण अर्थ लागेना. तीन वर्षें तिनें गाइडांतलीं उत्तरें पाठ केलीं होतीं. शेक्सपिअरच्या नाटकावर पंधरा मार्कांचें उत्तर ती लिहूं शकत होती, पण बापाच्या हातांतला कागद तिला कळेना. ती रडत आमच्याकडे आली.

आमच्याजवळ एक जुना शब्दकोश होता. दोन रात्री बसून तिनें त्या कागदाची ओळ न् ओळ मराठींत उतरविली. कागदांत लिहिलें होतें कीं, माझें सर्व येणें मला पोंचलें, आणि अपघाताबाबत माझा कोणावरही कांहींएक दावा नाहीं. बापानें तें ऐकलें व विचारलें, "हें मी कधीं बोललों?" त्यानें सही केली नाहीं. मुलीनें मराठींत लिहिलेला कागद घेऊन तो चार माणसांसह गेला व मागचा पगार तेवढा मागितला. पगार मिळाला. भाजल्याच्या भरपाईचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. मुलगी आम्हांस म्हणाली, "गुरुजी, माझी इंग्रजी आज पहिल्यांदा कामाला आली."

बंधूंनो, हीच वाट थोरांनीं घातली आहे. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेंत इंग्रजी शिकले. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें त्यांनीं आपलें निवेदन इंग्रजींत मांडलें, कारण तें सरकारास कळावयाचें होतें. आणि १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' मराठींत लिहिला, कारण तो शेतकऱ्यास कळावयाचा होता. आपल्या दासगांवचे रामचंद्र बाबाजी मोरे यांना महाडच्या इंग्रजी शाळेचें दार बंद होतें. त्या पोरानें वर्तमानपत्राकडे पत्र लिहून तें उघडविलें. पुढें १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणींत तेच पुढें होते. २० मार्च १९२७ रोजीं चवदार तळ्याचें पाणी बाबासाहेबांनीं ओंजळींत घेतलें, आणि दोनच आठवड्यांनीं, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' हें मराठी पत्र सुरू केलें. अमेरिकेंत व विलायतेंत शिकलेल्या त्या पुरुषाला मराठींत लिहिण्याची लाज वाटली नाहीं.

लेखकांचेंही तसेंच. वसंत कानेटकर नाशकास इंग्रजी शिकवीत. आपल्या रायगडावरचें 'रायगडाला जेव्हां जाग येते' हें नाटक त्यांनीं १९६२ सालीं मराठींत दिलें. कोंकणांतलेच विंदा करंदीकर मुंबईच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवीत व कविता मराठींत करीत. खानदेशांतल्या शेतकऱ्याच्या घरचे भालचंद्र नेमाडे इंग्रजीचेच प्राध्यापक. त्यांची 'कोसला' १९६३ ची. पुढें करंदीकरांना २००३ चें व नेमाड्यांना २०१४ चें ज्ञानपीठ मिळालें. परंतु एक ध्यानांत ठेवा : या तिघांनाही महिन्याचा पगार शिकविण्याचा मिळे. लेखणीवर चूल पेटेल या भरंवशावर कोणी राहूं नये. पोटासाठीं एक काम धरावें आणि रोज एक तास लिहावें.

काय लिहावें? आपल्या दारांत रानभर विषय पडले आहेत. सावित्री व काळ नद्यांवरच्या भोयांना विचारा कीं पूर्वी कोणते मासे मिळत. २२ जुलै २०२१ च्या महापुरांत महाड बुडालें, त्याच दिवशीं तळिये दरडीखालीं गेलें. तेथल्या लोकांचें म्हणणें त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडानंतर, १९८७ सालीं, कारखान्यांच्या कायद्यांत दुरुस्ती झाली कीं धोक्याच्या मालाची माहिती कामगारांस व शेजारच्या लोकांसही द्यावी. ती माहिती इंग्रजींत टांगली तर ती आम्हांस दिली असें कसें म्हणावें? ती मराठींत आणणें हेंही लिहिणेंच आहे, आणि भाषांतर शिकलेल्या माणसाला त्यांतून पुढें चार पैसेही मिळतात.

आईबापांना दोन शब्द. न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा देऊं नका. आणि मुलगी लिहावयास बसली तर तिला पाण्याला किंवा दळणाला पाठवूं नका. तो एक तास तिचा. मुलांना इतकेंच सांगणें कीं, गाइड बाजूस ठेवा. दर रविवारीं सकाळीं शाळेची खोली उघडी राहील. घरांत जो इंग्रजी कागद पडला असेल, पगाराचा, बँकेचा, दवाखान्याचा, तो घेऊन या. शब्दकोश आमच्याकडे आहे. इंग्रजी तुम्ही आणा.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.